मलप्रभेच्या काठाकाठानं सौंदत्तीला

कोल्हापूर-निपाणीकडची माणसं कर्नाटकातल्या सौंदत्तीला, यल्लमाच्या डोंगरावर जातात ती मार्गशीर्षातल्या पुनवेला. एसटीच्या गाड्यांच्या रांगा लागतात, डोंगरावर पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या पुनवेला रांडव पुनव म्हणतात. जमदग्नी मारले गेले आणि रेणुका, म्हणजे यल्लमा, विधवा झाली, अशी श्रद्धा. जोगतिणी, म्हणजे देवीला सोडलेल्या बायका, त्या दिवशी हातातल्या बांगड्या फोडतात. पुढे माघात अहेव पुनव येते, तेव्हा देवी पुन्हा सवाष्ण होते.

आम्ही गेलो ते या दोन पुनवांच्या मधल्या दिवसांत, संक्रांत झाल्यावर. दिवस मावशीनं ठरवला होता. मावशीचे यजमान गेल्या आषाढात गेले. किडनीचं दुखणं, वर्षभराच्या दवाखान्याच्या फेऱ्या, विकलेली म्हैस, हे सगळं फोनवरून मला कळत होतं. संक्रांतीला गल्लीतल्या एकाही घरातून तिला हळदी-कुंकवाचं बोलावणं आलं नाही. बोलावणं येत नसतंच, हे तिलाही ठाऊक. पण समोरच्या घरातली मुलगी वाण घेऊन दारावरून पुढे गेली, ते तिला लागलं. दुसऱ्या दिवशी तिचा पुण्याला फोन आला. "सौंदत्तीला जाऊया काय? आत्ता देवीपण माझ्यासारखीच हाय. अहेव झाली की मग माझं काय काम तिथं?"

मी फारशी देवभोळी नाही. पण याला नाही कसं म्हणणार?

शनिवार : जांबोटी, कणकुंबी

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं पहाटे बेळगाव, तिथून मावशीचं गाव जांबोटी. बेळगावहून चोर्ला घाटातून गोव्याला जाणारा रस्ता जांबोटी-कणकुंबीवरूनच जातो, त्यामुळे गाड्यांची चणचण नाही. जानेवारीत या भागात सकाळी नऊपर्यंत धुकं असतं आणि थंडी पुण्यापेक्षा बोचरी. स्वेटर पिशवीच्या तळाशी ठेवू नका.

मावशीनं तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं केलं होतं. घरात काकांचा फोटो भिंतीवर अजून चढला नव्हता, कपाटाला टेकवून ठेवलेला. जेवताना ती काकांबद्दल एक शब्द बोलली नाही. काजूच्या मोहराबद्दल, रानडुकरांनी केलेल्या नासाडीबद्दल, माझ्या वजनाबद्दल भरपूर बोलली.

दुपारी ती म्हणाली, "आधी कणकुंबीला जाऊया. नदी जिथनं निघत्या तिथलं पाणी घेऊन जायचं."

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. माउली देवीच्या देवळाचा परिसर, भोवती दाट झाडी आणि मधे इवलासा पाण्याचा ठाव. ही नदी पुढे तीनशे किलोमीटर जाऊन कूडलसंगमाला कृष्णेला मिळते, हे इथं उभं राहून खरं वाटत नाही. वाटेत सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला तिच्यावर धरण आहे. त्या जलाशयाचं नाव रेणुकासागर. म्हणजे कणकुंबीचं पाणी आपल्या पायानं देवीच्या डोंगराखाली जातंच. मी हे बोलून दाखवलं.

"जातंय की," मावशी बाटली भरत म्हणाली. "खरं आपण नेलं की बरं वाटतंय."

कणकुंबी आता बातम्यांत असते ती कळसा-भांडुरी कालव्यामुळे. म्हादई नदीचं पाणी मलप्रभेकडे वळवायचं की नाही, यावरून कर्नाटक आणि गोव्याचं भांडण वर्षानुवर्षं चाललंय. तुम्ही गेलात तर गावात हा विषय काढू नका, संध्याकाळ त्यातच जाईल.

रविवार : खानापूर, नंदगड, हलशी

मावशीच्या दिराचा मुलगा व्हॅन घेऊन आला. खानापूरला चहा. इथली माती भांड्यांसाठी प्रसिद्ध, रस्त्याकडेला मडकी आणि कुंड्या मांडलेल्या दिसतात. मावशीनं एक लहान मडकं उचललं, टिचकी मारून पाहिलं आणि परत ठेवलं. "देवी कच्च्या मडक्यातनं पाणी आणायची म्हणे, वाळूच्या. सापाची चुंबळ करून. आम्हाला भाजलेलं पण टिकत न्हाई."

नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. कित्तूरच्या चन्नम्मा राणीचा हा शिलेदार. इंग्रजांनी 1831 मध्ये त्याला इथं वडाच्या झाडाला फाशी दिली. समाधीपाशी वड आहे, आणि मूल होत नाही म्हणून लोक तिथं छोटे पाळणे बांधतात. फाशी गेलेल्या माणसाकडे जीव मागायला यावं, याचं मला आश्चर्य वाटलं. मावशीला वाटलं नाही. "त्याला कळतंय की, जीव जातोय म्हणजे काय ते," असं काहीसं ती म्हणाली आणि पाळण्यांकडे न बघता व्हॅनमध्ये जाऊन बसली. तिला मूल नाही. लग्नानंतरची दहा-बारा वर्षं तिनं असे किती पाळणे बांधले असतील, हे मी विचारलं नाही.

हलशीला मात्र वेळ काढून जा. कदंबांची ही जुनी राजधानी, आज एक साधं गाव. भूवराह नरसिंहाचं देऊळ बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांच्या काळातलं. आत दोन गाभारे एकमेकांसमोर. एकीकडे नरसिंह, दुसरीकडे वराह. मधल्या मंडपात उभं राहिलं की दोघांच्या नजरेच्या टप्प्यात आपण. काळ्या दगडाचा गारवा तळपायातून वर चढतो. रविवार असूनही आम्ही सोडून तिथं एकच कुटुंब होतं, खानापूरचं, मुलाच्या दहावीसाठी आलेलं.

पुजाऱ्यांनी वराहाची गोष्ट सांगितली. पृथ्वी पाण्यात बुडाली आणि देवानं तिला वर काढलं. मावशीनं हात जोडले, मग पुजाऱ्यांना शांतपणे म्हणाली, "2019 ला आमचं भात बुडालं तवा कुठं होता?"

मी गांगरले. पुजारी हसले नाहीत की रागावलेही नाहीत. म्हणाले, "त्या वर्षी आमचं पण बुडालं बाई." तिच्या हातावर तीर्थ घातलं आणि थोडं थांबून पुन्हा एकदा घातलं.

या सगळ्या प्रवासात मला मावशीची ही सवय आवडली. ती देवाशी भांडते. भांडायचं असेल तर तो समोर असायला लागतो, हे तिनं गृहीतच धरलंय. मला ते जमत नाही. माझ्यावर वेळ आली की मी देव आहे की नाही याचा विचार करत बसते, आणि त्यात रडायचं राहून जातं.

हलशीत जेवणाची सोय धरून चालू नका. नंदगडला किंवा खानापूरला खाऊन निघा, पाणी सोबत ठेवा.

सोमवार : सौंदत्ती

बेळगावहून बैलहोंगलमार्गे सौंदत्ती. रेल्वेनं येणार असाल तर धारवाडला उतरा, तिथून जवळ पडतं. कर्नाटकच्या बसमध्ये मावशीनं आधार कार्ड दाखवलं आणि तिला शून्य रुपयांचं तिकीट मिळालं. 2023 च्या जूनपासून राज्यातल्या बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे. माझं आधार महाराष्ट्राचं, मी पूर्ण पैसे मोजले. अख्खा प्रवासभर मावशी ते तिकीट हातात धरून होती, आणि दर तासाला मला दाखवत होती.

बैलहोंगलच्या पुढे माती काळी होते, झाडी संपते, दोन्ही बाजूंना शाळू आणि हरभरा. जांबोटीच्या बाईला हे रान उघडंबोडकं वाटलं. "सावलीला कुठं बसून खातात ही माणसं?" वाटेतल्या खानावळीत ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर घट्ट दही. चटणी तेलात कालवून खा. पोट भरल्यावर मावशीचं या मुलखाबद्दलचं मत सुधारलं.

देवळात जायच्या आधी जोगुळबावीला आंघोळ करायची रीत आहे. रेणुकेला शापानं अंगभर रोग झाला, नवऱ्यानं हाकललं, तेव्हा रानात तिला दोन साधू भेटले आणि इथं स्नान करून ती बरी झाली, अशी कथा. आजही त्वचेचे आजार असलेली माणसं येतात. मला एका गोष्टीचं बरं वाटलं. तिथं कुणी कुणाकडे टक लावून बघत नव्हतं. पांढरे डाग, खरुज, भाजल्याचे व्रण, सगळं त्या पाण्याजवळ उघडं होतं. पाणी स्वच्छ असेल अशी अपेक्षा ठेवू नका. बऱ्याच जणी नुसतं डोक्यावर शिंपडून घेतात, आम्हीही तेच केलं.

डोंगरावर पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. सगळं पिवळं. पायऱ्या, दगड, माणसांचे केस, कुत्र्यांच्या पाठी, सगळीकडे भंडारा. अंगावरची साडी किंवा ड्रेस पुन्हा मूळ रंगाचा होणार नाही, जुने कपडे घालून जा. चौंडक्याचा आवाज आधी कानाला विचित्र वाटतो, तार ताणल्यावर तो घुमत वर चढतो आणि हिसक्यानं खाली येतो. अर्ध्या तासानं तो चालू आहे हेही लक्षात येत नाही. डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मुखवटा बसवलेली टोपली, घेतलेल्या जोगतिणी, जोगव्याच्या परड्या, मधेच कुठून तरी उठणारी "उदं गं आई उदं"ची हाक. देऊळ सोळाव्या शतकातलं, रायबागच्या बोमप्पा नायकानं 1514 मध्ये बांधलेलं.

दर्शनाला तासभर लागला. मंगळवारी आणि शुक्रवारी याच्या कितीतरी पट गर्दी असते. गाभाऱ्यासमोर मावशीला काय मागायचं होतं ते मला ठाऊक नाही. पुजाऱ्यानं पुढे ढकललं तेव्हा तिनं फक्त कपाळ उंबऱ्याला लावलं, आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "बाटली द्यायची राहिली."

सोमवारची संध्याकाळ, म्हणजे खरा प्रवास

डोंगरावर लोक उघड्यावर चुली मांडून नैवेद्य करतात. तीन दगड, लाकडं, पातेलं. सरपण आणि दगड तिथं विकत मिळतात. बाकीचा शिधा घरून आणला तर बरं, वर सगळं महाग. आम्ही वरण-भात, मेथीची भाजी, वांगं असा बेत केला होता. सोबत कांद्याची पात आणि गाजर, कोल्हापूरकडची पद्धत.

शेजारच्या चुलीवर रामदुर्गजवळच्या एका खेड्यातली बाई कडबू तळत होती. पन्नाशीची, सोबत सून आणि नातू. मावशीला कानडी येतं, सीमाभागातल्या कुठल्याही बाईला येतं तसं, बाजारापुरतं आणि भांडणापुरतं. थोड्या वेळानं ते गप्पांपुरतंही येतं असं दिसलं. मी मधेमधे अर्थ विचारत होते.

त्या बाईचं घर 2019 च्या ऑगस्टमध्ये पडलं. धरण भरलं, पाणी सोडलं, मलप्रभा रामदुर्गात शिरली. मातीच्या भिंती, दोन दिवसांत बसल्या. नवरा त्याच्या पुढच्या वर्षी गेला. कशानं, ते मला नीट कळलं नाही. मावशीला कळलं. दोघी बराच वेळ चुलीतली लाकडं सारत बसल्या.

मग मावशीनं विचारलं, कुठली नदी म्हणालीस? मलप्रभा. मावशीनं पिशवीतून कणकुंबीची बाटली काढून तिच्यासमोर धरली. हे तिचंच पाणी, आमच्याकडनं निघतंय.

बाई बाटलीकडे बघत राहिली आणि मग अशी हसायला लागली की कडबू करपला. "मत्त नीर तंदियेन?" परत पाणी घेऊन आलीस काय!

मावशीही हसली. आषाढानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना ऐकत होते, कारण फोनवर ती हसत नव्हतीच. त्या वर्षी मावशीच्या शेतातून जे पाणी वाहून गेलं, तेच चार दिवसांनी या बाईच्या घरात शिरलं असणार. दोघींनी आपापल्या देवीला तेव्हा काय काय सुनावलं, त्याची उजळणी झाली. बाटलीतलं अर्धं पाणी आमच्या वरणात गेलं, अर्धं त्यांच्या आमटीत. "देवीला काय, ती पाण्यातच ऱ्हात्या," मावशी म्हणाली. उकळी नीट काढा असं मी बजावून सांगितलं, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

देवाची दया म्हणून जे म्हणतात ते मला कीर्तनात ऐकताना कायम वरून खाली येणारं वाटायचं. डोंगरावर तसं वाटलं नाही. इथली देवी रोगानं सडली, घरातून हाकलली गेली, जोगवा मागत फिरली, नवऱ्याच्या हुकमानं पोटच्या पोरानं तिचं मुंडकं उडवलं, आणि पुढे ती विधवाही झाली. तिच्यासमोर आपलं गाऱ्हाणं मांडताना कुणाला खुलासा करावा लागत नाही. दुःख तिथं उतरत नाही. मी तरी कुणाचं उतरलेलं पाहिलं नाही. फक्त ते घेऊन बसायला जागा मिळते, आणि शेजारी दुसरं कुणी आपलं घेऊन बसलेलं असतं. मावशी एरवी रात्री दोनला उठून बसते. त्या रात्री दगडी ओवरीत, चौंडक्याच्या आवाजात, ती सकाळपर्यंत झोपली.

ओवरीत झोपणार असाल तर जाड चादरी दोन घ्या. खोल्या मिळतात, पण यात्रेच्या आसपास त्यांचा भरवसा धरू नका. पैसे आणि फोन उशाशी नको, अंगाशी ठेवा.

मंगळवार : डोंगर, दुसरी बाजू

सकाळी सहापासून गर्दी. परडी भरायचा विधी करायचा होता, म्हणून पाच जोगतिणी बसवल्या. त्यातली सगळ्यात म्हातारी सत्तरीची असेल. मावशी पुढं वाकली तशी तिनं मूठभर भंडारा तिच्या कपाळाला फासला, भांगापर्यंत. मावशी मागे सरकली. "मला न्हाई चालत." म्हातारीनं मराठीतच सांगितलं, "आईच्या दारात सगळ्यांना चालतंय," आणि पुढच्या बाईकडे वळली. तिनं ते इतक्या सवयीनं केलं की मावशीला हरकत घ्यायलाही सवड मिळाली नाही.

नंतर चहा पिताना ती म्हातारी आमच्याजवळ बसली. आठ वर्षांची असताना तिला देवीला सोडली. घरात आजारपण होतं, भावाचं. भाऊ जगला. तिचं काय झालं ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं, मी इथं लिहिणार नाही. कर्नाटकानं 1982 मध्ये कायदा करून मुली सोडायला बंदी घातली. तिच्यासाठी फार उशीर झालेला होता.

हे लिहिल्याशिवाय या डोंगराबद्दल लिहिणं मला खोटं वाटतं. आदल्या रात्री मी दयेबद्दल जे काही वाटून घेतलं, त्यातला काही भाग या बाईच्या आयुष्यातून वसूल झालेला आहे. कुणाच्या तरी घरावर कृपा व्हावी म्हणून एक पोर देऊन टाकली, आणि आता तीच पोर म्हातारी होऊन माझ्या मावशीच्या कपाळाला भंडारा लावते. मी तिला विचारलं, देवीचा राग येत नाही? ती म्हणाली, "देवीनं कुठं सोडलं मला, बापानं सोडलं." चहाचे पैसे तिनं मला देऊ दिले नाहीत.

मावशीनं कपाळ दिवसभर पुसलं नाही. बसमध्ये खिडकीच्या काचेत एकदा बघितलं तेवढंच.

बुधवार : बेळगाव

गाडी रात्रीची, म्हणून दिवस हातात. कपिलेश्वराला गेलो, दक्षिण काशी म्हणतात त्याला. मग किल्ला. किल्ल्यातली कमल बस्ती 1204 मधली, रट्टांच्या काळातलं जैन मंदिर, नेमिनाथाचं. मंडपाच्या छतातून खाली लोंबणारं दगडी कमळ बघायला मान दुखेपर्यंत उभं राहावं. त्याच किल्ल्यात आसदखानानं बांधलेली साफा मशीद आहे. मावशीला कमळ आवडलं, पण तिचं लक्ष तिथल्या सावलीकडे जास्त होतं.

बाजारात कुंदा घेतला. ताजा कुंदा तीन-चार दिवस टिकतो, पुण्यापर्यंत काही होत नाही. गोकाकचं करदंट जास्त टिकतं, परगावी न्यायचं असेल तर ते घ्या. मांडे न्यायचा विचार करू नका, चुरा होतो. मावशीनं दोन दुकानांत भावावरून वाद घातला आणि तिसऱ्या दुकानात पहिल्याच भावानं घेतलं. समोरच्या घरासाठीही पावशेर घेतला. ज्या घरातली मुलगी दारावरून पुढे गेली होती, तेच घर. मी काही बोलले नाही.

परवा तिचा फोन आला. अहेव पुनवेला टेम्पो ठरलाय, जांबोटीहून थेट डोंगर. गल्लीतल्या आणखी दोघी येणार आहेत, एकीचा नवरा करोनात गेलेला, दुसरीचा त्याच्याही आधी. रामदुर्गची बाई वर भेटणार आहे, तिच्यासाठी कणकुंबीचं पाणी डबाभर न्यायचं ठरलंय.

"पण तू तर म्हणाली होतीस, अहेव झाल्यावर तुझं काय काम?" मी विचारलं.

"असूदे की. तिचं चांगलं झालं तर बघायला नको काय?"

मीही येते म्हटलं, सुट्टी काढते.

"तू नको. टेम्पोत जागा न्हाई," मावशी म्हणाली, आणि मेथी जोडीला कुणाकडची चांगली मिळेल ते सांगायला लागली.